प्राण्यांचं देणं: मुलांच्या वस्तू आणि पॅकेजिंग करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांसाठी खेळणी, कोडी, पत्ते, वह्या, दप्तरं बनवणारे आणि त्यांचे खोके आखणारे लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः बरीच वर्षं मुलांची कोडी आणि त्यांची वेष्टनं डिझाइन करते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते: ज्या प्राण्याचा चेहरा लावून आपण वस्तू विकतो, त्याचं आपण देणं लागतो. खालची उत्तरं त्याच हिशेबाने दिली आहेत.

खोक्यावर वाघ किंवा पांडा छापला की संवर्धनाला हातभार लागतोच ना?

आपोआप लागत नाही. कधीकधी उलटच घडतं. फ्रान्समधले शास्त्रज्ञ फ्रँक कुर्शां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लोकांना सर्वांत आवडणारे दहा प्राणी त्यांनी आधी शोधून काढले: वाघ, सिंह, हत्ती, जिराफ, बिबट्या, पांडा, चित्ता, ध्रुवीय अस्वल, लांडगा आणि गोरिला. मग फ्रान्समधल्या स्वयंसेवकांना सांगितलं, की दिवसभरात हे प्राणी चित्र, बोधचिन्ह, खेळणं अशा कुठल्याही रूपात दिसले की नोंद करा. नुसते सिंहच दिवसाला सरासरी ४.४ निघाले. बाळांनी चावायचा एक रबरी जिराफ त्या देशात घरोघरी असतो. त्याची एका वर्षाची विक्री सुमारे ८ लाख, म्हणजे आफ्रिकेत तेव्हा उरलेल्या जिराफांच्या आठपटींहून जास्त! आणि यातले बरेच प्राणी धोक्यात आहेत, हे पुष्कळांच्या गावीही नव्हतं. जो प्राणी उठता-बसता डोळ्यांसमोर असतो, तो संपत चालला आहे हे मनाला पटतच नाही.

म्हणजे चित्र छापलं की आपल्या नावावर उधारी चढते. ती फेडायला खोक्यावर निदान एक गोष्ट अशी हवी, जी नुसत्या चित्रातून कळत नाही. हा प्राणी राहतो कुठे, त्याच्यावर ही वेळ कशामुळे आली, त्याच्यासाठी कोण काय करतंय, यातलं काहीही एक. पण एकच, आणि ठळक.

प्राणी गोंडस केला, त्याला कपडे घातले, तर काय बिघडतं?

मोठे डोळे आणि गोल चेहरा यांना माझी हरकत नाही. तान्ह्या जिवासारखा चेहरा पाहिला की माणसाला माया येते आणि मुलांनाही येते. मी थांबते ती पुढच्या पायरीवर. वन्य प्राण्याला शर्ट, गळपट्टा, दुधाची बाटली, झोपायची टोपली दिली, की तो घरी पाळण्याजोगा वाटायला लागतो.

चिंपांझींचं उदाहरण बोलकं आहे. शिकागोच्या लिंकन पार्क प्राणिसंग्रहालयातल्या संशोधकांनी २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिलं, की गोरिला आणि ओरांगउटान धोक्यात आहेत हे मानणारे लोक जास्त आणि चिंपांझी धोक्यात आहे हे मानणारे त्यांच्यापेक्षा कमी. कारण विचारलं तर लोक म्हणाले, चिंपांझी तर टीव्हीवर, जाहिरातीत, सिनेमात नेहमी दिसतात. त्याच मंडळींच्या २०११ च्या अभ्यासात चिंपांझीशेजारी माणूस उभा असलेलं छायाचित्र पाहणाऱ्यांना तो पाळायला योग्य वाटण्याची शक्यता वाढली. चित्र तेच, फक्त शेजारी माणूस!

स्लो लोरिस या रात्री फिरणाऱ्या, मोठ्या डोळ्यांच्या माकडवर्गीय छोट्या प्राण्याची गोष्ट तर मला अजून छळते. त्याला गुदगुल्या केल्यावर तो हात वर करतो, अशी चित्रफीत जगभर फिरली आणि लोकांना वाटलं की त्याला मजा येतेय. खरं तर तो बचावाचा पवित्रा असतो. त्याच्या कोपराजवळ एक ग्रंथी असते. तिचा स्राव लाळेत मिसळला की त्याचं विष होतं, आणि हात वर केले की ती ग्रंथी तोंडाजवळ येते. हात वर केलेला हसरा लोरिस कुणी दप्तरावर छापत असेल, तर घाबरलेल्या जिवाचं चित्र मुलांच्या पाठीवर लावलं जातंय.

टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गानिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान मुलांबरोबर आणखी एक गोष्ट तपासली. प्राणी माणसासारखे बोलतात-वागतात अशा गोष्टी ऐकलेली मुलं खऱ्या प्राण्यांनाही माणसाचे गुण चिकटवू लागली, आणि त्या प्राण्याबद्दलची खरी माहिती त्यांच्या डोक्यात कमी राहिली. म्हणून माझा नियम साधा आहे: चेहरा गोड चालेल, पण वागणं त्या प्राण्याचंच हवं.

मग मऊ खेळणी करूच नयेत का?

करावीत, जरूर करावीत. टेडी बेअरचा जन्मच एका न झाडलेल्या गोळीतून झाला आहे. १९०२ मध्ये मिसिसिपीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नकार दिला, क्लिफर्ड बेरीमन यांनी त्यावर व्यंगचित्र काढलं आणि त्यातून ते खेळणं आलं. कुशीत घेऊन झोपता येणाऱ्या प्राण्याशी मुलाचं जे नातं जुळतं, ते माहितीच्या कुठल्याही पत्रकाने जुळत नाही.

चित्र किती हुबेहूब हवं? मुलांना एवढं कुठे कळतं?

मुलांना फार कळतं. ३५ तुकड्यांच्या एका चित्त्याच्या कोड्याची आम्ही चाचणी घेत होतो. सहा वर्षांची एक मुलगी चेहऱ्याचा तुकडा हातात धरून थबकली. तो उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. मग म्हणाली, "याची रडायची रेघ कुठे गेली?" चित्त्याच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यातून तोंडाकडे काळी रेघ उतरते. ती आमच्या चित्रात नव्हती. मग अंगाकडे नीट पाहिलं, तर भरीव ठिपक्यांच्या जागी बिबट्यासारखी पोकळ फुलं. चित्ता म्हणून आम्ही बिबट्याच विकायला निघालो होतो, आणि तीन प्रूफं माझ्या सहीने पुढे गेली होती. प्लेट नव्याने काढाव्या लागल्या. तेव्हापासून रेखाटन रंगवायच्या आधीच त्या प्राण्याच्या अभ्यासकाला दाखवते. रंग भरून झाल्यावर कुणालाच बदल करायचा नसतो.

नेहमी होणाऱ्या काही चुका सांगून ठेवते. पेंग्विन आणि ध्रुवीय अस्वल एकाच बर्फावर उभे करतात. अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिण गोलार्धातले, त्यांची गाठ पडत नाही. आफ्रिकी हत्तीचे कान मोठे आणि सोंडेच्या टोकाला दोन बोटं, आशियाई हत्तीला एकच. मधमाशीचे पाय आणि पंख दोन्ही तिच्या मधल्या भागातून फुटतात, पोटातून नव्हे. समुद्री कासवाला वल्ह्यांसारखे पर असतात. त्याला जमिनीवरच्या कासवाचे पाय लावले तर ते बिचारं पोहणार कसं?

कोणता प्राणी निवडावा? संकटात असलेलाच हवा का?

कोणता जीव किती धोक्यात आहे हे सांगणारी, आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची म्हणजे आययूसीएनची लाल यादी १९६४ पासून चालू आहे. आधी ती बघा, आणि दर नव्या छपाईच्या वेळी पुन्हा बघा, कारण प्राण्याची वर्गवारी बदलते. पांडा २०१६ मध्ये आणि हिमबिबट्या २०१७ मध्ये 'संकटग्रस्त' गटातून 'असुरक्षित' या एक पायरी कमी धोक्याच्या गटात आला. जुन्या खोक्यावरचं वाक्य त्या दिवसापासून चुकीचं झालं. म्हणून वर्गवारीबरोबर वर्षही छापावं, असं मी सगळ्यांना सांगते.

पण नेहमीच्या दहा प्राण्यांतच घुटमळू नका. २००२ मध्ये अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना दोन प्रकारची कार्डं दाखवली: परिसरात आढळणारे वन्यजीव आणि पोकेमॉन. आठ वर्षांची मुलं पोकेमॉन जवळजवळ ८० टक्के ओळखत होती, खरे जीव निम्म्याहून कमी. काहींना हे निराशाजनक वाटतं. मला त्यात मुलांची भूक दिसते. शेकडो नावं, रूपं, सवयी लक्षात ठेवण्याची ताकद मुलांकडे आहे. त्या तोडीची खऱ्या जिवांची कार्डं आपण त्यांना दिलेली नाहीत.

गिधाड, वटवाघूळ असे प्राणी कोण विकत घेणार?

हा प्रश्न विक्री विभागाकडून हमखास येतो. उत्तरादाखल मी एक हातमोज्याची बाहुली पुढे करते. कॅलिफोर्निया कॉन्डर हा टकल्या डोक्याचा, मेलेलं खाणारा प्रचंड पक्षी. १९८७ मध्ये जंगलातला शेवटचा कॉन्डर पकडला गेला तेव्हा जगात अवघे २७ उरले होते. बंदिवासात जन्मलेल्या पिल्लांना माणसाचा लळा लागू नये म्हणून सांभाळणाऱ्यांनी हातात कॉन्डरच्या डोक्याची बाहुली घातली आणि तिच्या चोचीतून पिल्लांना भरवलं. आज कॉन्डर ५००च्या वर आहेत. आता सांगा, ती बाहुली आणि तिच्या सोबत एक मऊ पिल्लू एवढंच खोक्यात दिलं, तर कुठलं मूल ते खाली ठेवेल? प्राणी देखणा नसला तरी चालतं. त्याच्याबरोबर करायला काहीतरी खरं असलं की मुलं त्याच्याकडे वळतात.

कॅरिबियनमधल्या सेंट लुसिया बेटावर १९७० च्या दशकाच्या अखेरीस पॉल बटलर यांनी तिथल्याच दुर्मीळ पोपटाला बेटाचा अभिमान बनवलं. शाळांतून पोपटाच्या वेशातला माणूस फिरला, गाणी झाली, आणि १९७९ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला. जगात दुसरीकडे कुठेही नाही, फक्त आमच्याकडे आहे, ही भावना मुलांना लगेच भिडते.

"विक्रीतला काही भाग प्राण्यांसाठी" असं छापलं तर चालेल ना?

नको. "काही भाग" म्हणजे किती, हे घेणाऱ्याला कळत नाही, आणि कळू नये अशीच कुणाची तरी सोय त्यात असते. प्रत्येक नगामागे नेमकी किती रक्कम, कोणत्या संस्थेला, कोणत्या कामासाठी, कधीपर्यंत, आणि वरची मर्यादा असेल तर ती किती, हे सगळं खोक्यावर हवं. जागा नसेल तर अक्षर लहान करण्यापेक्षा चित्र लहान करा. संस्थेशी लेखी करार झाल्याशिवाय तिचं बोधचिन्ह वापरू नका. विक्री कमी झाली तरी देऊ अशी किमान रक्कम ठरवली असेल तर उत्तमच.

प्राण्याच्या चेहऱ्याचं मोल चुकतं करायची कल्पना जगात रुजते आहे. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहभागाने 'द लायन्स शेअर' नावाचा निधी सुरू झाला. जाहिरातीत प्राणी वापरणाऱ्या कंपन्यांनी त्या जाहिरातीच्या माध्यमखर्चाचे ०.५ टक्के त्यात द्यावेत, असं त्याचं सूत्र. त्याच वर्षी लाकॉस्त या कपड्यांच्या फ्रेंच कंपनीने आययूसीएनबरोबर आपल्या बोधचिन्हातल्या मगरीच्या जागी दहा संकटातले प्राणी शिवले आणि जंगलात जेवढे जीव उरले तेवढेच शर्ट काढले. वाकिटा या चिमुकल्या सागरी सस्तन प्राण्याचे ३०, जावा बेटावरच्या गेंड्याचे ६७, सगळे मिळून १,७७५. तिथे नगांची संख्याच संदेश झाली. मुलांच्या वस्तूंत ही युक्ती जपून वापरावी. "फक्त ३० उरले, लवकर घ्या" अशी घाई मुलांना लावणं मला मान्य नाही. आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा हेतू ओळखता येत नाही, हे बालमानसशास्त्राने पुरेसं स्पष्ट केलंय. "तू घेतलंस तर कासव वाचेल" हे वाक्य मुलाला उद्देशून कधीही लिहू नका. पैशाची गोष्ट मोठ्यांशी, खोक्याच्या मागच्या बाजूला.

खोका कशाचा असावा?

इथे आपली खरी परीक्षा होते. वरती ओरांगउटान आणि खालचा पुठ्ठा त्याच्याच जंगलाचा, असं होता कामा नये. २०११ मध्ये ग्रीनपीसने खेळण्यांच्या खोक्यांत इंडोनेशियाच्या वर्षावनांतला लगदा वापरला जातो, असा आरोप करत मोठी मोहीम उघडली. बार्बी बनवणाऱ्या मॅटेलने त्याच वर्षी कागदखरेदीचं धोरण बदललं. पुनर्वापरातला पुठ्ठा घ्या, किंवा १९९३ मध्ये स्थापन झालेल्या एफएससीचं, म्हणजे जबाबदारीने राखलेल्या जंगलांना प्रमाणित करणाऱ्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचं प्रमाणपत्र असलेला. शिक्का छापताना नीट पाहा. '१०० टक्के', 'मिश्र' आणि 'पुनर्वापरित' हे तीन वेगळे शिक्के आहेत.

मग येतात खोक्याचे दागिने. प्लॅस्टिकचं लॅमिनेशन, पारदर्शक खिडकी, झाकणातलं चुंबक, चमकी: यातलं प्रत्येक कागदाला पुन्हा कागद होऊ देण्यात अडथळा आणतं. लॅमिनेशनऐवजी पाण्यावर आधारित वार्निश मारून बघा, खिडकी नुसती कापलेली ठेवा. मुलाला खेळणं हाताने चाचपता येतं आणि दुकानात तेच जास्त विकलं जातं, हा माझा अनुभव. प्लॅस्टिकचा ट्रे लागलाच तर काळा नको; कार्बन ब्लॅकने काळं केलेलं प्लॅस्टिक वर्गीकरण यंत्रातल्या इन्फ्रारेड किरणांच्या नजरेतून सुटतं. पीएलएवर, म्हणजे मक्यासारख्या पिकांपासून केलेल्या प्लॅस्टिकवर, "मातीत विरघळतं" असं लिहू नका. त्याला औद्योगिक कंपोस्टिंगमधली ६० अंश सेल्सिअसच्या आसपासची उष्णता लागते. बागेत किंवा समुद्रात ते तसंच पडून राहतं.

समुद्री प्राण्यांच्या संचात फुगा मुळीच घालू नका. समुद्रपक्ष्यांवरच्या २०१९ च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात कठीण प्लॅस्टिकच्या तुकड्यापेक्षा फुग्याचा तुकडा गिळल्याने मरण्याची शक्यता ३२ पट निघाली.

आणि साहित्य बदलणं नेहमी सोपं नसतं, हेही कबूल करायला हवं. लेगोने बाटल्यांच्या प्लॅस्टिकपासून विटा करायचा प्रयत्न जाहीर केला आणि २०२३ मध्ये थांबवला, कारण एकूण हिशेबात कार्बन उत्सर्जन कमी होत नव्हतं. पण तुमच्या-माझ्यासारख्यांना एक गोष्ट आजच जमते: खोका लहान करा. निम्मी हवा भरलेले खोके मी रोज पाहते.

खोका फेकला जाऊ नये म्हणून काय करता येईल?

तो खेळाचाच भाग करा, पण त्यासाठी जास्तीचं साहित्य घालू नका. आम्ही खवले मांजराचा एक खोका केला होता. बाहेरून साधा तपकिरी. आतल्या बाजूला एकाच शाईत बीळ छापलं: मुळं, खडे, मुंग्यांची रांग. एका पाकळीवर गोल रेघ पाडलेली, बोटाने दाबली की भोक पडतं. खोका उलगडून उलटा घडी केला की आतलं बाहेर येतं आणि बीळ तयार. चार वर्षांच्या एका मुलाने त्यात खवले मांजर ठेवलं, पाकळ्या मिटल्या आणि आम्हा सगळ्यांना ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. बाहेर दुपार होती आणि बहुतेक खवले मांजरं दिवसा झोपतात. हे त्याला वाचून कुणी दाखवलं नव्हतं. भोकावर काढलेला सूर्य आणि आत मिटलेले डोळे एवढंच त्याने पाहिलं होतं.

खवले मांजराच्या जगात आठ जाती आहेत. त्यांचे खवले आपल्या नखांच्याच द्रव्याचे, केराटिनचे असतात. या खवल्यांसाठी आणि मांसासाठी त्यांची चोरटी शिकार होते. २०१६ मध्ये आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार बंद करायचं ठरलं. खोक्याच्या तळाला आम्ही एवढंच छापलं: "तुझं नख बघ. याचे खवलेही त्याचेच आहेत."

खरी पिसं, शंख, प्रवाळ हस्तकलेच्या संचात घालावेत का?

नाही. समुद्रघोड्याच्या सर्व जाती आणि दगडी प्रवाळ साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. शिवाय कायदा आड आला नाही तरी वाळवलेला जीव हे मुलांच्या संवर्धन-संचातलं साहित्य होऊ शकत नाही.

दुःखद माहिती मुलांना द्यावी का?

वय पाहून. सहा-सात वर्षांपर्यंत नुसती ओळख आणि लळा पुरे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड सोबेल १९९० च्या दशकापासून सांगत आले आहेत, की निसर्गाशी नातं जुळायच्या आधीच त्याच्या विनाशाच्या बातम्या लादल्या तर मुलं त्याच्यापासून मन काढून घेतात. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला मात्र खोटं सुखचित्र देऊ नका. त्याला कारण सांगा आणि लगेच पाठोपाठ माणसांनी केलेलं काम सांगा. अरबी ओरिक्स १९७२ मध्ये जंगलातून नाहीसा झाला होता, १९८२ मध्ये ओमानमध्ये परत सोडला गेला आणि २०११ मध्ये 'असुरक्षित' गटापर्यंत सावरला. अशा कहाण्या खऱ्या आहेत, आणि मुलांना त्या पुन्हा पुन्हा ऐकायच्या असतात.

सुरक्षिततेच्या नियमांमुळे प्राण्याचा आकार बिघडतो. काय करावं?

आकार बदला, नियम नाही. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याचा कुठलाही सुटा भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या तपासणी नळकांड्यात पूर्ण मावता कामा नये. म्हणून शिंगं, शेपट्या, पंख मुळातच जाड आणि अंगाशी जोडलेले आखा. मण्यांचे डोळे नकोत, भरतकामाचे करा. ते सुटत नाहीत आणि नजरही जास्त मवाळ दिसते. खोक्यातून मुखवटा निघत असेल तर गळ्यात अडकेल अशी दोरी देऊ नका, हातात धरायची पट्टी द्या.

आपलं काम पोचलं की नाही, हे कसं कळणार?

विक्रीच्या आकड्यांवरून नाही कळत. मी मुलांना खेळणं देण्याआधी एक कोरा कागद देते: हा प्राणी काढ आणि तो राहतो ती जागा काढ. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पहिल्या चित्रांत प्राणी बहुतेक वेळा कागदाच्या मधोमध अधांतरी असतो. दुसऱ्या चित्रांत मी जमीन शोधते. खवले मांजराच्या वेळी आम्ही दोन नमुने दिले होते, एकाच्या खोक्यावर माहितीच्या बारा ओळी, दुसऱ्याच्या आत ते छापलेलं बीळ. बारा ओळींवाल्या मुलांनी पुन्हा मधोमध अधांतरी प्राणीच काढला. बीळवाल्यांच्या कागदावर मुळं होती, खडे होते, आणि एका कागदावर मुंग्या इतक्या काढल्या होत्या की खवले मांजराला जागाच उरली नव्हती.